बशीतला चहा

रविवार, २२ जून

ही डायरी कंपनीने जानेवारीत वाटलेली. टीव्हीखाली पडून होती. आज झटकून उघडली, कारण डॉक्टर पद्मजा मॅडमची ऑर्डर आहे. "मेस्त्री, वसुधाताईंचे हात किती थरथरतात, पाणी किती पितात, झोप, वजन, सगळं लिहून ठेवा. नुसतं 'जरा जास्त वाटतं' असं येऊन सांगू नका."

मला सांगतायत! साकीनाक्याला स्प्रिंगच्या कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटी बघतो. माप घेतल्याशिवाय हा माणूस भाकरीसुद्धा पास करत नाही, असं वसूच म्हणते.

तर आधी माहिती. वसुधा, माझी बायको, वय एकोणपन्नास. आजार बायपोलर. आमच्या घरात त्याला 'चढ' आणि 'उतार' म्हणतात. मूलबाळ नाही, नाहूरच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघंच, त्यामुळे घरातले शब्द आम्हीच ठरवतो. चढ लागला की ही झोपत नाही, बोलणं थांबत नाही, जगातली सगळी कामं आजच करायची असतात. उतार लागला की भिंतीकडे तोंड. अकरा वर्षं लिथियमच्या गोळीने दोन्ही ताब्यात आहेत. मे महिन्यात जरा चढ दिसला म्हणून मॅडमनी गोळी वाढवली. डोकं आठ दिवसांत जाग्यावर आलं, पण हात थरथरायला लागले.

आणि वसूचे हात म्हणजे काय ते नाहूर-मुलुंडातल्या बायकांना विचारा. ही रफू करते. साडीचाच एखादा धागा आतल्या बाजूने काढून फाटलेल्या जागी असा विणते की नंतर साडीच्या मालकिणीला जागा सापडत नाही. आता सुईत दोरा ओवता येत नाही तिला. म्हणून मी रोज कामावर जायच्या आधी वीस सुया ओवून उशीवर टोचून ठेवतो. माझाही नंबर वाढलाय, पण ओवतो.

थरथर मोजायची कशी? मी शक्कल काढली. सकाळी ती मला ओट्यापासून खिडकीपर्यंत चहा आणून देते. बशीत जो सांडतो तो मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणात ओततो, त्याच्यावर एमएलच्या रेघा आहेत. तिला सांगितलेलं नाही. उगाच मनाला लावून घेईल.

आज : सहा एमएल.

बुधवार, २ जुलै

सात एमएल. पाणी चार बाटल्या. वजन मेपासून साडेतीन किलो जास्त.

शुभाताई येऊन गेल्या, बी विंगमधल्या. त्यांच्या आईची पैठणी आणली होती. मुलीचं, गंधालीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि तिला आजीचीच पैठणी नेसायची आहे. पदरावरच्या मोराच्या मानेला आणि पिसाऱ्याला कसर लागलीय, मान अर्धी खाल्लेली. वसूने पदर मांडीवर घेतला आणि बोट फिरवत बसली. म्हटलं, आता नाही म्हणेल. तर म्हणाली, "करते. ऑक्टोबरअखेर घेऊन जा."

शुभाताई गेल्यावर मी म्हटलं, "अगं, काय हे? हात कुठे आहेत तुझे?"

"येतील," ती म्हणाली. मग एक टाका घालून बघितला, उसवला, परत घातला, परत उसवला. आणि रडली. आवाज न करता रडते ती, नुसतं नाक लाल होतं. मला असं झालं की काय वाट्टेल ते करावं पण हिचे हात परत आणावेत.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी. जानकी आक्का भांडुपहून साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. आक्का माझी मोठी बहीण, बोलते अजून मालवणी आणि ऐकत कुणाचं नाही. वसू आणि मी एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. पण आक्का आली की वसू मला "अहो" म्हणते आणि मला हसू येतं.

वसू आत गेल्यावर आक्का हळूच म्हणाली, "लवू, चातुर्मास लागलो. बायलेसाठी तू कायतरी सोड. जा सगळ्यात आवडता, ताच सोडूक होया. देव बघता."

मी म्हटलं, देवाचं आणि माझं बोलणं नाही. तेरा वर्षांपूर्वी हिने नि आईने मिळून वसूला भगताकडे नेलं होतं, अंगारे-धुपारे केले, त्यात डॉक्टरकडे जायला चार महिने उशीर झाला. तेव्हापासून वसूने सगळ्यांना बजावलंय की माझ्या नावाने कुणी नवस-बिवस केलात तर उंबरा ओलांडू देणार नाही.

आक्का गेली. पण ते डोक्यात बसलं, आवशीक खाव.

सोमवार, ७ जुलै

मीठ सोडलं.

मला सगळ्यात आवडतं काय, तर मीठ. सुकट, लोणचं, पापड. ताटात पहिलं मीठ वाढलेलं दिसलं नाही तर मी जेवायला बसत नाही. म्हणजे सोडायचं तर तेच. कार्तिकीपर्यंत चार महिने. मी देवाला मानतो असं नाही. पण न मानणाऱ्याने सोडलं तर त्याला जरा जास्त मार्क मिळावेत.

वसूला सांगितलं, कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी निघालंय, डॉक्टरने मीठ बंद केलंय. ती म्हणाली, "कधीपासून आहे?"

"आत्ताच निघालं गं. किरकोळ आहे."

"माझ्यामुळे," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. मी म्हटलं वेडी आहेस का. आजारी माणसाला असं म्हणू नये खरं तर, पण आमच्यात चालतं.

रविवार, १३ जुलै

अळणी जेवण म्हणजे शिक्षा आहे, शिक्षा. मुगाची उसळ खाल्ली की ओला पुठ्ठा खाल्ला ते कळेना. वसू आधी माझी भाजी वेगळी काढायची. परवापासून म्हणते, "दोन-दोन भांडी कोण घासणार? सगळंच अळणी करते, मी माझं वरून घेईन." बरं झालं, तिचे कष्ट वाचले.

चहा : पाच एमएल. म्हणजे उतरतंय! सहा दिवसांत!

गुरुवार, २४ जुलै

तीन एमएल.

मी क्वालिटीचा माणूस आहे, तीन आकडे ओळीने उतरले की त्याला योगायोग म्हणत नाही. आक्काला फोन करणार होतो, मग म्हटलं नको, ती डोक्यावर बसेल. तिथे सुईवर हात अजून बसत नाही म्हणते वसू, पण चहा खोटं बोलत नाही.

चहा मात्र हल्ली अर्धा कप देते. मी म्हटलं, "काय गं, दूध महागलं काय?" तर म्हणे, "बीपीला चहा कमीच बरा." या बीपीने माझी चांगलीच वाट लावली.

शनिवार, २ ऑगस्ट

दोन एमएल. पाणी सहा बाटल्या. पाणी का वाढतंय कळत नाही. उकाडा असेल.

किराणा भरायला गेलो. यादीत मीठ नव्हतं. डबा बघितला तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणलेली पुडी अजून वरपर्यंत. एका माणसाने मीठ सोडलं तर एवढा फरक पडतो! म्हणजे इतकी वर्षं घरातलं सगळं मीठ मीच खात होतो की काय. लाज वाटली.

वसूला सांगितलं तर हसली. "बघ, किती राक्षस होतास."

गुरुवार, ७ ऑगस्ट

वसू आता चहा स्टीलच्या ग्लासात आणते. म्हणे, कपबशा ओट्याच्या कडेला आपटतात, दोन कानाविना झाल्या. ग्लासला बशी नसते. मोजमाप बंद.

रविवार, १० ऑगस्ट

आज भांडण झालं. लिहितो, कारण मॅडमनी सगळं लिहा म्हटलंय.

दुपारी बघितलं तर ही पैठणी समोर ठेवून नुसती बसलेली. वीसच्या वीस सुया उशीवर तशाच. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, आणि तरी तो हलत होता. हे पहिल्यासारखं बारीक थरथरणं नाही, मनगट उडत होतं.

"मी गोळी बंद करणार," ती म्हणाली. "लवू, ही गोळी माझे हात खातेय."

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, थोडे दिवस, मोर होईपर्यंत. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही.

"तुला काय जातंय नाही म्हणायला? तुझे हात धड आहेत ना!"

मग मी नको ते बोललो. म्हटलं, "चौदा साली अशीच बंद केली होतीस. आठवतंय काय केलंस?" तेव्हा हिने आलेल्या अकरा साड्यांचे काठ एका दिवसात उसवले होते, सगळ्यांची मिळून एक मोठी साडी करायची होती हिला. बायका दारात येऊन बोलून गेल्या. आणि मग पाच महिने उतार. पाच महिने मी हिला वेणी घालत होतो आणि ही भिंतीला सांगत होती की मला सोडून दे.

वसू उठून आत गेली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला तिचा. रात्रीची गोळी मी तळहातावर ठेवली, तिने माझ्याकडे न बघता घेतली.

मी मनात म्हटलं, देवा, मीठ पुरत नसेल तर बेकरीतले खारे पदार्थही सोडतो. फरसाण, बिस्किट, पाव, सगळं बंद. घरात आणणारच नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन झालं. वसू आली नाही, पोट बिघडलंय. सकाळपासून पाच वेळा. टाकीचं पाणी असणार, गेल्या आठवड्यात प्लंबर आत उतरला होता.

मॅडमना फोन लावला तर त्या बाहेरगावी, सोमवारी येणार. मीच पेज केली. उकड्या तांदळाची पेज म्हणजे आमच्या कोकणात सगळ्यावर औषध. आई करायची तशी मऊ शिजवली. मीठ घालायचं राहिलंच, हातच विसरलाय आता मिठाला. वसूने मुकाट पिऊन टाकली. दोन वाट्या गेल्या. मला बरं वाटलं.

रविवार, १७ ऑगस्ट

पोट तसंच. ओकली दोनदा. बोलताना जीभ जड वाटते, "पैठणी" म्हणताना मध्येच थांबली. न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागलं. मी पेज करतोय, तीन वेळा.

गोळी चुकवलेली नाही. सकाळची, रात्रीची, दोन्ही मी माझ्या हाताने दिल्या.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी हिने मला ओळखलं, पण नाव घ्यायला वेळ लागला. रिक्षा केली, मॅडम ज्या हॉस्पिटलात बसतात तिथे मुलुंडला नेलं. रक्त घेतलं. मॅडम धावत आल्या. लिथियम एक पॉइंट नऊ. जूनमध्ये पॉइंट नऊ होतं. दीडच्या वर विषासारखं होतं म्हणे.

"पेनकिलर दिली होती? ताप होता? उपवास? खाण्यात काही बदल?"

मी म्हटलं, काहीच नाही मॅडम. वसूनेही मान हलवून नाही म्हटलं.

आम्ही दोघं अकरा वर्षं त्यांचा कागद पाळतोय. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पेनकिलर नाही, उपवास नाही, पाणी कमी नाही, खाण्यात मोठा बदल करायचा तर आधी विचारा. उपवास तर आम्ही केलाच नाही. दोन वेळा पोटभर जेवतोय.

गोळी बंद केलीय. सलाईन लावलंय. मी सिस्टरला विचारलं, बाटलीत काय आहे. "मिठाचं पाणी, काका." मी बरं म्हटलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सगळं नीट लिहितो. 

दुपारी हॉस्पिटलची खिचडी आली. वसू शुद्धीत, बोलणं बरंचसं सुधारलेलं. मी चमच्याने पहिला घास भरवला. तिने तोंड वाकडं केलं.

"शी! काय खारट आहे!"

मी म्हटलं बघू, आणि एक चमचा खाल्ला. नवस आहे हे डोक्यातून गेलंच होतं. "आई शप्पत, खारट!" मी म्हटलं.

बाजूच्या बेडवरच्या आजी तीच खिचडी खात होत्या. म्हणाल्या, "अहो, खारट कसली? मी आत्ता वरून मीठ मागून घेतलं."

मी वसूकडे बघितलं. वसू छताकडे बघायला लागली.

"वसू. मला खारट लागणारच, मी मीठ सोडलंय. तुला का लागतंय?"

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"वसू, तू वरून मीठ घेत होतीस ना?"

"तू अळणी खाणार आणि मी तुझ्यासमोर बसून चवीने खाणार?" ती म्हणाली. "घास उतरला असता का? माझ्या आजाराने तुला बीपी लावलं. म्हटलं, एवढं तरी तुझ्यासोबत करावं. पहिल्या आठवड्यापासून खाते तसंच. सांगितलं असतं तर तू ओरडला असतास."

वरपर्यंत भरलेली ती मिठाची पुडी माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि पेज. जुलाब होत असलेल्या बाईला मी तीन दिवस बिनमिठाची पेज पाजली, तीही मायेने.

"मला बीपी नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नवस होता. तुझ्या हातांसाठी."

तिने सलाईनच्या नळीला असा हात घातला की मला वाटलं आता उपटून मारते. मग म्हणाली, "तू? नवस? मेल्या, तू तर गणपतीच्या आरतीला मागे उभा राहून क्रिकेटचा स्कोअर बघतोस!" आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, नाक लाल. मीही रडलो. बाजूच्या आजींनी आमची खिचडी झाकून ठेवली.

संध्याकाळी मॅडमना दोघांनी मिळून सांगितलं. शाळेत खोडी कबूल करताना उभे राहतो तसा मी उभा होतो. मॅडमनी कपाळाला हात लावला. शरीरात मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी बाहेर सोडत नाही, साठवून ठेवतं. आधी हातांची थरथर वाढली, पुढे पोट गेलं, त्यात मीठ-पाणी आणखी गेलं, गोळी आणखी साठली. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी दर वेळी उपवास, उपवास म्हणते. अळणी हा शब्द मला सुचलाच नाही. पण मेस्त्री, पुढच्या वेळी देवाला काही कबूल करायचं असेल तर आधी मला फोन करा."

शनिवार, २३ ऑगस्ट

घरी आलो. लिथियम खूप खाली आलंय. गोळी अजून बंद. येत्या शुक्रवारी, २९ला, कमी डोसने पुन्हा सुरू करायची. तोवर झोपेवर लक्ष ठेवायचं, चार तासांपेक्षा कमी झाली तर लगेच फोन. दुसरी एक साधी गोळी दिलीय तेवढ्यापुरती.

घरी येताच वसूने ताट वाढलं आणि पहिलं मीठ वाढलं. माझ्या ताटात आणि तिच्याही. मी लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. देव रागावला तर रागावो.

सोमवार, २५ ऑगस्ट

सकाळी उठून बघतो तर वसू खिडकीत, मांडीवर पदर. स्वतः सुई ओवलेली. हात स्थिर. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

"लवू, शुक्रवारपर्यंत माझे आहेत हे हात," ती म्हणाली. "मान करून घेते."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण मी विचारलं काय, तर, "झोपलीस किती?"

"साडेसहा तास. लिही तुझ्या वहीत."

तिला वहीचं माहीत आहे! मी काय काय लिहिलंय ते पानं मागे उलटून बघितलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

मालकाकडून चार दिवस सुट्टी घेतलीय. घरात बसून बायकोवर पहारा करतोय, आणि ते तिला कळतंय.

वसू काम करता करता गुणगुणते. मी घड्याळ बघतो. फोनवर जोरात हसली, मी स्वयंपाकघरातून डोकावलो. म्हणाली उद्या गणपतीला मोदक करू, एकवीस. मी मनात म्हटलं, एकवीस का? अकरा का नाही? हा नुसता आनंद आहे की चढ आहे? माझ्याच बायकोच्या हसण्याची मला भीती वाटते, हे लिहायलाही लाज वाटते. पण वाटते.

झोप सहा तास.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आमचा गावी, भावाकडे. आक्का तिथेच गेलीय. आम्ही घरच्या तसबिरीला मोदक दाखवले. एकवीसच झाले. वसू म्हणाली, "अकरा केले असते तर तू घाबरला नसतास ना?"

मी मोदक उचलला. चार खाल्ले.

गुरुवार, २८ ऑगस्ट

मोराची मान झाली. डोळाही. मी चष्मा लावून, बॅटरी मारून, मागून-पुढून बघितलं. तीस वर्षं लोकांच्या स्प्रिंगा रिजेक्ट करतोय, इथे एक टाका सापडला नाही. पिसारा राहिलाय, तो सोपा आहे म्हणते, पण तोही दोन महिने खाईल.

झोप पाच तास. काल सहा, आज पाच. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, उद्या गोळी सुरू करायची, लांबवायची नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

अकरा वर्षं गोळी मी तिच्या तळहातावर ठेवतो. आज नाही ठेवली. बशीत ठेवून बशी सुयांच्या उशीशेजारी ठेवली आणि मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. आत हृदय असं उडत होतं की खरंच बीपी असेल तर तेच.

ती बोटं उघडून-मिटून बघत बसली होती. सरळ धरायची, बघायची. थरथर नाही.

"किती छान आहेत रे," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसं म्हणाली.

मी म्हटलं, "वसू, मी काही बोलणार नाही."

"बोलू नकोसच. गेल्या वेळी बोललास ते पुरलंय." मग म्हणाली, "काल दुपारी मला वाटलं, पैठणीचा दुसरा मोर पण उसवून नवीन करावा. धड मोर. काही झालेलं नाही त्याला. कात्री हातात घेतली होती मी."

मी वळून बघितलं.

"ठेवून दिली," ती म्हणाली. "पण घेतली होती."

आणि तिने गोळी उचलली, माझ्याच अर्ध्या ग्लास पाण्याबरोबर घेतली, आणि म्हणाली, "उद्यापासून सुया ओवून ठेव."

मी खिडकीतून खाली बघत राहिलो बराच वेळ. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, आधीच एकदा झालं होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

लिथियम पॉइंट सात. मॅडम खूश. हात पुन्हा हलतात, पण बारीक, मनगट उडत नाही. दिवसातून एक तास काम होतं, सकाळी अकरा ते बारा, तेव्हा सगळ्यात कमी असतं. तेवढ्या वेळात पिसाऱ्याचं अर्धं पीस होतं. कधी तेही नाही. चिडते, उसवते, परत घालते. सुया आता बारा पुरतात.

मीठ मी मोजून आणतो. पुडी महिन्यात संपली पाहिजे.

रविवार, २ नोव्हेंबर

काल शुभाताई पैठणी घेऊन गेल्या. गंधाली सोबत होती. दोघींनी पदर खिडकीशी नेऊन शोधलं, कुठे रफू केलंय ते. सापडलं नाही. पिसाऱ्यातली शेवटची दोन पिसं जरा जाड झालीत, ते फक्त वसूला माहीत आहे, आणि मला, कारण तिने दाखवलं.

आज आक्का ऊस घेऊन आली, संध्याकाळी तुळशीचं लग्न. वसूला कामाला लागलेली बघून मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "बघ! सांगललंय ना? पावलो की नाय देव?"

"पावलो," मी म्हटलं.

आतून वसूचा आवाज आला, "अहो, आक्कांना तुमचं बीपी कसं आहे ते सांगा ना!"

आता सकाळचं लिहितो, ते राहिलं होतं.

सकाळी वसूने चहा ग्लासातून नाही, कपातून आणला. बशीसकट. आणि काठोकाठ भरलेला. ओट्यापासून खिडकीपर्यंत कप बशीवर वाजत वाजत आला, मी उठलो नाही. तिने तो माझ्यासमोर ठेवला तेव्हा बशीत तळं झालं होतं.

मग तिने फडताळातून खोकल्याच्या औषधाचं ते झाकण काढलं आणि कपाशेजारी ठेवलं.

"मोज," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"जुलैपासून. तू बशी वाकडी करून झाकणात ओततोस आणि मग एक डोळा मिटून बघतोस. मला काय कळणार नाही? म्हणून तर अर्धा कप आणायला लागले. म्हटलं, आकडा कमी आला की तुझं बीपी उतरेल."

सात, पाच, तीन, दोन. माझा सगळा नवस त्या आकड्यांवर उभा होता.

तिने पदराने हात पुसले. हात हलत होते. लपवले नाहीत तिने.

"मोज ना," ती म्हणाली. "आज खरा आकडा मिळेल."

मी बशी उचलली, ओठाला लावली आणि फुर्रकन सगळा चहा पिऊन टाकला.

"किती?" तिने विचारलं.

"साखर कमी आहे," मी म्हटलं, आणि कपातला चहा पुन्हा बशीत ओतून घेतला.